स्टिरिओला बाहेरचा डॅक लावायचा का? पैसे घालायच्या आधी घरीच तपासून बघायची पद्धत

ॲम्प आहे, स्पीकर आहेत, लॅपटॉपवरून नाहीतर टीव्हीवरून गाणी लावतो, आता डॅक (डिजिटल-टू-ॲनालॉग कन्व्हर्टर) घेतला तर आवाज सुधारेल का? नवीन स्टिरिओ जमवणारा जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी हे विचारतो आणि त्याला दोन टोकाची उत्तरं मिळतात. एक म्हणतो घे लगेच, पडदा उघडल्यासारखं वाटेल, दुसरा म्हणतो सगळे डॅक सारखेच, पैसे वाया जातील. दोघांनीही तुमच्या घरची जोडणी बघितलेली नसते. माझं मत असं आहे की डॅक हा ठराविक दोषांवरचा उपाय आहे, तो दोष तुमच्याकडे आहे असं बोट ठेवून सांगता आलं तर डॅक लावल्या लावल्या फरक कळतो, आणि दोष सापडतच नसेल तर तेच पैसे दुसरीकडे लावलेले बरे. म्हणून खाली जे लिहिलंय त्यात खरेदी अगदी शेवटी आहे, आधी शोधाशोध.

पायरी १: सध्या आकड्यांचा आवाज कुठे होतोय ते शोधा

डिजिटल गाणं म्हणजे नुसते आकडे, सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेले १६ बिटचे आकडे असतात, आणि त्या आकड्यांपासून ॲम्पला कळेल असा विजेचा सिग्नल करणारं सर्किट म्हणजे डॅक. म्हणजे तुम्हाला आत्ता गाणं ऐकू येतंय याचाच अर्थ कुठेतरी एक डॅक आधीच काम करतोय! तो कुठे आहे हे शोधायला वायरीवर हात ठेवून स्पीकरकडून मागे मागे जा. लॅपटॉपच्या हेडफोन जॅकमधून ३.५ एमएमची वायर निघून ॲम्पच्या लाल-पांढऱ्या गोल सॉकेटमध्ये (त्यांना आरसीए म्हणतात) जात असेल तर डॅक लॅपटॉपमधे आहे. टीव्हीतून ऑप्टिकल वायर निघत असेल तर डॅक त्या वायरीच्या पुढच्या टोकाला आहे. सीडी प्लेयरमधून आरसीए आली तर प्लेयरमधे. ब्लूटूथवर ऐकत असाल तर फोन फक्त आकडे पाठवतो, त्यांचा आवाज होतो तो ब्लूटूथ रिसीव्हरमधे, त्यामुळे फोनला महागडा डॅक लावून पुन्हा ब्लूटूथनेच ऐकलं तर तो डॅक वाटेत येतच नाही. रेकॉर्ड प्लेयर ॲनालॉग ॲम्पला लावला असेल तर डॅकचा प्रश्नच नाही.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही आणि ती या सगळ्या निर्णयात फार महत्त्वाची आहे. तुमच्याकडे साधा स्टिरिओ ॲम्प नसून होम थिएटर रिसीव्हर असेल, तर बहुतेक रिसीव्हर आरसीएतून आलेला ॲनालॉग सिग्नल पुन्हा आकड्यांमधे बदलतात, त्यावर बास, सबवूफर, रूम करेक्शनची (खोलीप्रमाणे आवाज सुधारायची) कामं करतात आणि मग स्वतःच्या आतल्या डॅकमधून बाहेर काढतात. म्हणजे तुम्ही बाहेरचा डॅक लावला तरी शेवटी ऐकता तो रिसीव्हरचाच डॅक, वर एक जादाचं रूपांतर. डायरेक्ट किंवा प्युअर डायरेक्ट मोड लावला तर बऱ्याच मॉडेलांत हे टळतं, पण मग सबवूफर आणि करेक्शनही बंद होऊ शकतं. अशा घरात एचडीएमआय किंवा ऑप्टिकलने थेट रिसीव्हरला आकडे देणं हेच बरोबर. ज्या ॲक्टिव्ह स्पीकरच्या (ॲम्प आतच असलेल्या) आत डीएसपी, म्हणजे आकड्यांवरच आवाजाची कामं करणारी चिप असते त्यातल्या बऱ्याच जोड्यांचंही हेच, त्यांना यूएसबी किंवा ऑप्टिकल इनपुट असेल तर ते वापरा आणि डॅकचा विचार सोडून द्या. तुमचं उत्तर इथेच मिळालं असेल तर खाली खरेदीचं वाचायची गरज नाही, पायरी ३ मधलं खोलीचं मात्र वाचा.

पायरी २: दोष ऐका, गाणं बंद करून

आपण गाणं चालू ठेवून दोष शोधतो, आणि तेच उलट करायला हवं. रात्री पंखा बंद करा, गाणं पॉज करा, ॲम्पचा व्हॉल्यूम नेहमी असतो त्याच्या थोडा वर न्या आणि ट्वीटरजवळ (स्पीकरमधला बारीक सुरांचा छोटा भाग) कान न्या. (पॉज सुटून अचानक गाणं चालू होणार नाही एवढं बघा, कानाजवळ ते महागात पडतं.) आता काय ऐकू येतंय?

नुसता बारीक हिस्स असा आवाज येत असेल तर व्हॉल्यूम शून्य करा, ॲम्प बंद करा, सोर्सची (जिथून गाणं येतं त्या लॅपटॉप, टीव्ही किंवा प्लेयरची) आरसीए काढा, पुन्हा चालू करून तेवढ्याच व्हॉल्यूमला ऐका. हिस्स तेवढाच राहिला तर तो ॲम्पचा आहे, कुठलाही डॅक तो घालवणार नाही. आरसीए काढल्यावर हिस्स लक्षात येण्याइतका कमी झाला तर सोर्सचा आऊटपुट गोंगाट करतोय आणि तिथे डॅक खरोखर कामाचा.

घूं असा जाड आवाज येत असेल तर ती ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण, बहुतेक वेळा ग्राउंड लूप. म्हणजे लॅपटॉपचा चार्जर आणि ॲम्प दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडलेले असतात आणि आरसीएच्या जाळीतून फिरणारा करंट स्पीकरमधे ऐकू येतो. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवा, आवाज गेला तर निदान झालं. सेट टॉप बॉक्स असेल तर केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर मागून काढून बघा, पुष्कळ घरात लूप तिथून येतो. माउस हलवला की चिर्र होतं, स्क्रीन स्क्रोल केला की आवाजाचा सूर बदलतो, हा पण त्याच कुळातला दोष. सोर्सला ऑप्टिकल आऊटपुट असेल तर यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे ऑप्टिकल इनपुट असलेला डॅक, कारण ऑप्टिकल वायरीतून उजेड जातो, वीज जात नाही, त्यामुळे लूप तिथे तुटतो. यूएसबी डॅकने मात्र हा त्रास जाईलच असं नाही, यूएसबीच्या वायरीत ग्राउंड असतो आणि लूप तसाच राहू शकतो, गुणगुण घालवायला यूएसबी डॅक आणला आणि गुणगुण तशीच राहिली असं पुष्कळदा होतं. आणि कृपा करून ॲम्पची किंवा चार्जरची अर्थची पिन काढून टाकू नका. आवाज जाईल पण ती पिन शॉक लागू नये म्हणून असते, गाण्यासाठी जिवाशी खेळ नको.

तिसरा दोष म्हणजे आवाज कमी पडणं. सीडी प्लेयर आणि बहुतेक घरगुती डॅक पूर्ण आवाजाला साधारण २ व्होल्ट देतात, फोन किंवा लॅपटॉपचा जॅक पुष्कळदा १ व्होल्ट किंवा त्याहून कमी. ॲम्प तीन चतुर्थांश फिरवूनही समाधान होत नसेल तर हा दोष तुमच्याकडे आहे. पण उलटंही होतं. घरात वडिलांच्या वेळचा सोनोडाईन किंवा फिलिप्सचा ॲम्प असेल तर त्याचं इनपुट दीडशे-दोनशे मिलिव्होल्टला पूर्ण ताकद देणारं असू शकतं, त्याला २ व्होल्टचा डॅक लावला की नॉब जरासा सरकवताच घर दणाणतं, आणि नॉबच्या अगदी सुरुवातीच्या भागात जुन्या पॉटचे (नॉबमागच्या व्हॉल्यूम कंट्रोलचे) डावे-उजवे सारखे नसतात, त्यामुळे गायक एका बाजूला सरकल्यासारखा वाटतो. अशा ॲम्पला आऊटपुट कमी करता येणारा डॅक लागतो. जुन्या ॲम्पला मागे पुष्कळदा आरसीए नसून पाच पिनांचं गोल डीआयएन सॉकेट असतं, त्याची वायर पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा. एक अजून, फोनो लिहिलेल्या इनपुटला डॅक कधीच लावायचा नाही, ते रेकॉर्ड प्लेयरच्या काही मिलिव्होल्टसाठी असतं आणि बास मुद्दाम वाढवतं, त्यामुळे आवाज फाटका आणि घुम्मा येतो. ऑक्स, सीडी, ट्यूनर, टेप यातलं कुठलंही चालेल.

चौथा, तुमच्या सोर्सला जोडणीच नसणं. नवीन टीव्हीला पुष्कळदा लाल-पांढरे आरसीए आऊट नसतात, फक्त ऑप्टिकल आणि एचडीएमआय असतं, आणि तुमच्या ॲम्पला फक्त आरसीए आहे. इथे आवाज सुधारण्याचा वादच नाही, डॅक लागतोच.

पायरी ३: फुकटात होतं ते आधी करा

विंडोजमधे साउंडच्या सेटिंगमधे जाऊन ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा, लॅपटॉप कंपन्या त्यात स्वतःचं बास बूस्ट आणि खोटं सराउंड भरून ठेवतात आणि लोक त्याचा दोष डॅकला देतात. गाण्याच्या ॲपमधे क्वालिटी सगळ्यात वरच्या पायरीवर आहे ना ते बघा, मोबाईल डेटासाठी आणि वायफायसाठी पुष्कळदा वेगवेगळं सेटिंग असतं. ॲपमधला इक्वलायझर बंद. लॅपटॉपचा व्हॉल्यूम पूर्ण किंवा त्याच्या जरा खाली ठेवून कमी-जास्त ॲम्पच्या नॉबने करा, म्हणजे सोर्सच्या गोंगाटाच्या तुलनेत गाणं मोठं राहतं.

आता खोलीचं. आपल्याकडे १० बाय १२ ची खोली, खाली टाइल्स, चारी बाजूला प्लास्टरच्या गुळगुळीत भिंती, असं सर्रास असतं. १२ फुटांच्या लांबीला साधारण ४७ हर्ट्झला आणि १० फुटांच्या रुंदीला साधारण ५६ हर्ट्झला खोली स्वतः घुमते, आणि तुम्ही कुठे बसलात त्याप्रमाणे तो सूर १० डेसिबलनेसुद्धा वर किंवा खाली जाऊ शकतो. डग्ग्याची घुमारी एका खुर्चीवर फुगलेली आणि दुसऱ्या खुर्चीवर गायब, ते यामुळे. याउलट दोन धड बनवलेल्या डॅकमधे ऐकू येणाऱ्या पट्ट्यात फरक असतो तो डेसिबलच्या एका बारीक अंशाचा. स्पीकरमधे अर्धा-एक टक्का विकृती (डिस्टॉर्शन, म्हणजे मूळ सिग्नलमधे नसलेली भर) सहज असते, खालच्या सुरांना अजून जास्त, आणि साध्या चांगल्या डॅकमधे ती टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी. म्हणून स्पीकर कपाटात कोंबलेले असतील तर बाहेर काढा, भिंतीपासून फूटभर पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीला, समोर जाड सतरंजी, खिडकीला पडदा. यात एक दुपार जाते आणि जो फरक पडतो तो मी कुठल्याही डॅकने पडलेला ऐकलेला नाही. हे केल्याशिवाय पुढच्या पायरीला जाऊच नका, कारण खोलीच जर सगळं बिघडवत असेल तर डॅकची परीक्षा होणार कशी.

पायरी ४: आधी छोटा डोंगल, मग मोठा डबा

अजूनही शंका असेल तर लगेच दहा-पंधरा हजार घालू नका, टाईप-सी ते ३.५ एमएमचा डोंगल आणा आणि एक ३.५ एमएम ते दोन आरसीए वायर. पण डोंगल दोन जातीचे असतात. एकात खरा डॅक चिप असतो, दुसऱ्यात नुसत्या वायरी असतात आणि फोन जो ॲनालॉग आवाज देतो तोच पुढे जातो, हा दुसरा डोंगल लॅपटॉपवर चालतच नाही. वर्णनात डॅक असल्याचं स्पष्ट लिहिलेलाच घ्या. ॲपलचा छोटा पांढरा डोंगल मोजमापात फार चांगला निघालेला आहे आणि विंडोज किंवा मॅकवर पूर्ण आवाजाला साधारण १ व्होल्ट देतो (युरोपात विकतात तो यापेक्षा कमी देतो). बऱ्याच अँड्रॉइड फोनवर मात्र तो खूप हळू वाजतो, त्यामुळे परीक्षा लॅपटॉपवर करा. या एवढ्याशा गोष्टीने लॅपटॉपचा हिस्स किंवा चिर्र गेला तर प्रश्न जॅकचाच होता हे सिद्ध झालं, आणि कित्येकांचं काम इथेच संपतं.

पायरी ५: नीट तुलना करा

इथे घाई केली की सगळं फुकट जातं. आपल्या कानाला थोडा मोठा आवाज हा मोठा म्हणून कळत नाही, तो जास्त स्वच्छ, जास्त मोकळा वाटतो. एक डॅक २ व्होल्ट देतो आणि दुसरा २.२, तर फरक ०.८ डेसिबलचा होतो, कोणी म्हणणार नाही की आवाज वाढला, सगळे म्हणतील की तानपुऱ्याची जवारी खुलली. म्हणून पातळी जुळवणं हे पहिलं काम.

साधा मल्टिमीटर चालेल. १०० हर्ट्झचा टोन डाउनलोड करा (स्वस्त मीटर एसी व्होल्ट विजेच्या ५० हर्ट्झच्या जवळपास बरोबर दाखवतात, १ किलोहर्ट्झला चुकू शकतात, म्हणून १००). ॲम्प बंद असताना मीटरच्या पिना एका स्पीकरच्या दोन टर्मिनलला लावा, त्या एकमेकींना अजिबात लागता कामा नयेत नाहीतर ॲम्प जाईल. मीटर एसी व्होल्टवर ठेवा, ॲम्प चालू करून हळू आवाजात टोन वाजवा आणि आकडा लिहून घ्या. मग ॲम्पचा नॉब न हलवता दुसऱ्या सोर्सवर जा आणि सॉफ्टवेअरच्या व्हॉल्यूमने तोच आकडा आणा, एक टक्क्याच्या आत. एक टक्का म्हणजे साधारण ०.१ डेसिबल, इतकं जुळलं की पुरे.

दुसरं काम डोळे मिटण्याचं. कुठला डॅक चालू आहे हे माहीत असेल तर मन आधीच ठरवून बसतं, याला कुणीच अपवाद नाही, वर्षानुवर्षं ऐकणारेही नाहीत. घरातल्या कुणाला तरी नाणं उडवायला सांगा, छापा पडला तर अ, काटा पडला तर ब, त्याने न बोलता इनपुट बदलायचं, तुम्ही फक्त सांगायचं कुठला चालू आहे. गाण्याचा तोच दहा-पंधरा सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा. असं १० वेळा. नुसत्या अंदाजाने १० पैकी ९ किंवा जास्त बरोबर यायची शक्यता साधारण १ टक्का असते, त्यामुळे ९ आले तर फरक खरा धरा. ६ किंवा ७ आले तर ते नाण्याचंच काम.

सीडी प्लेयरवाल्यांना ही परीक्षा फार सोपी जाते, कारण बऱ्याच प्लेयरमधून आरसीए आणि ऑप्टिकल किंवा कोॲक्सिअल दोन्ही आऊटपुट एकाच वेळी चालू असतात. आरसीए थेट ॲम्पच्या सीडी इनपुटला, डिजिटल वायर उसन्या आणलेल्या डॅकला आणि तिथून ऑक्सला, म्हणजे तेच गाणं तेव्हाच दोन्हीकडून येतंय आणि रिमोटवरून क्षणात बदलता येतं. इथे पातळी जुळवायला मात्र डॅकवर व्हॉल्यूम असावा लागतो.

बिट आणि किलोहर्ट्झचे आकडे जितके मोठे तितका आवाज चांगला असं मानणाऱ्यांनी एक प्रयोग लक्षात ठेवावा. २००७ साली ऑडिओ इंजिनीअरिंग सोसायटीच्या जर्नलमधे ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरान यांनी तो छापला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या सीडीपेक्षा बारकाईने आवाज साठवणाऱ्या डिस्कवरचं संगीत एकदा थेट ऐकवलं आणि एकदा १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या रूपांतरातून नेऊन, ५५४ वेळा ओळखायला सांगितलं, बरोबर उत्तरं आली २७६, म्हणजे निम्मी. शांत खोलीत आवाज खूपच वाढवला तेव्हा मात्र १६ बिटचा गोंगाट कळला. शिवाय आपण जे ऐकतो त्यातलं पुष्कळसं जुनं आहे, साठ-सत्तरच्या दशकात टेपवर घेतलेल्या मैफिलींमधे टेपचाच हिस्स सीडीच्या गोंगाटाच्या कितीतरी वर असतो, ७६८ किलोहर्ट्झच्या डॅकने तो कमी होत नाही.

पायरी ६: घ्यायचाच ठरला तर

आता तुम्हाला दोष माहीत आहे, त्यावरून निवडा. टीव्हीसाठी किंवा गुणगुणीसाठी ऑप्टिकल इनपुट हवंच. लॅपटॉपसाठी यूएसबी. जुन्या संवेदनशील ॲम्पसाठी व्हॉल्यूमचा नॉब असलेला. ॲम्पला फक्त आरसीए असेल तर बॅलन्स्ड एक्सएलआर (तीन पिनांच्या) आऊटपुटसाठी जादा पैसे देऊ नका. एका टीव्हीपुरतं काम भागवायचं असेल तर फिओ कंपनीचा लहान डबा पुरतो, लॅपटॉपसाठी टॉपिंग किंवा एसएमएसएल या कंपन्यांचे सुरुवातीचे मॉडेल मोजमापात सीडीच्या १६ बिटांना लागतं त्याच्याही पुढे आहेत, त्याच्या वर पैसे द्याल ते रिमोट, डिस्प्ले, ब्लूटूथ आणि डब्याच्या देखणेपणासाठी. त्यात वाईट काही नाही, फक्त कशासाठी देतोय हे माहीत असावं.

डॅकच्या आतल्या चिपच्या नावावरून भांडणं फार चालतात, ईएसएस कंपनीच्या चिपचा आवाज धारदार, एकेएमच्या चिपचा मऊ, वगैरे. ऑक्टोबर २०२० मधे जपानमधे नोबेओका इथल्या एकेएमच्या कारखान्याला आग लागली आणि चिप मिळेनासे झाले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी आपली मॉडेल ईएसएसच्या चिपवर आणली आणि मोजमापं तितकीच चांगली राहिली. चिपच्या भोवतीचं सर्किट आणि पॉवर सप्लाय कसा केलाय यावर जास्त ठरतं. हेडफोनचा विषय वेगळा, ३०० ओहमचा हेडफोन लॅपटॉपला जड जातो आणि डॅक-ॲम्पचा जोड डबा लावला की जीव आल्यासारखं वाटतं, पण तिथे काम करतो तो त्यातला ॲम्प.

परत करायची मुदत असलेल्या ठिकाणाहूनच घ्या आणि त्या मुदतीत पायरी २ मधली पॉजवाली परीक्षा नव्या डॅकवर पुन्हा करा, कारण सोबत आलेला ५ व्होल्टचा स्वस्त ॲडॉप्टरसुद्धा कधीकधी चिर्र घालतो, तसं झालं तर आधी चांगला मोबाईल चार्जर नाहीतर पॉवर बँक लावून बघा आणि मगच डबा परत पाठवा. टीव्हीला जोडला आणि काहीच ऐकू येत नसेल किंवा खरखर येत असेल तर डॅक बहुधा बिघडलेला नाही, टीव्ही डॉल्बी (सराउंडसाठी दाबून भरलेले आकडे) पाठवत असेल आणि साध्या डॅकला डॉल्बी उलगडता येत नाही, टीव्हीच्या साउंड मेन्यूत डिजिटल आऊटपुट पीसीएमवर (साध्या आकड्यांवर) करा. ऑप्टिकल वायरीच्या टोकाला प्लास्टिकची बारीक टोपी असते, ती काढायची राहिली तरी आवाज येत नाही.